व्हर्मीरच्या गल्लीतली भिंत

चित्र लहान आहे. उंची 54.3 सेंटिमीटर, रुंदी 44. ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचे साडेचार मीटर रुंदीचे 'नाइट वॉच' पाहून कोणी या चित्रासमोर आला, तर डोळ्यांना आधी थोडे स्थिरावावे लागेल. इथे राजा नाही, संत नाही, लढाई नाही. जुन्या विटांचे एक घर आहे. त्याला लागून दोन बोळांची दारे, पलीकडे दुसऱ्या घराचा तुकडा, पुढे गोट्यांचा रस्ता आणि वर ढगाळ आभाळाचा एक कोपरा. माणसे चार, आणि चौघांपैकी एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. योहानेस व्हर्मीर याने हे चित्र 1658 च्या सुमारास, वयाची पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना, आपल्या डेल्फ्ट गावात रंगवले. 'छोटी गल्ली' या नावाने ते आज जगभर ओळखले जाते.

या चित्रातले मुख्य पात्र कोण, असे मला कोणी विचारले तर मी भिंत असे उत्तर देईन. चित्राचा फार मोठा भाग त्या दर्शनी भिंतीनेच व्यापला आहे. व्हर्मीरने ती तिरकी, दूर पळत जाणारी दाखवली नाही. अगदी समोरासमोर, आपल्याला अडवून धरणारी अशी उभी केली आहे. गल्ली म्हटल्यावर आपली नजर लांब जाऊ पाहते, वळण शोधते. इथे ती सोय नाही. उजवीकडे घर चित्राच्या कडेने सरळ कापले गेले आहे आणि डावीकडचे घरही अर्धेच दिसते. गल्ली दोन्ही बाजूंना पुढे चालूच आहे, आणि चित्रकाराने समोर आला तेवढाच तुकडा उचलला आहे, असे वाटते. पण जरा वेळ पाहत राहिले की ध्यानात येते, हा तुकडा फार विचाराने कापलेला आहे. घराच्या माथ्याच्या पायऱ्या उतरत उतरत आपल्याला आभाळाकडून छपरांवर, छपरांवरून बोळाकडे आणि बोळातून पुन्हा रस्त्यावर आणून सोडतात.

आता भिंत जवळून पाहू. त्याच काळात यान व्हान डर हायडेन नावाचा दुसरा एक डच चित्रकार होता. ॲमस्टरडॅमच्या इमारती रंगवताना तो वीट न् वीट वेगळी दाखवायचा, आणि त्याबद्दल त्याची ख्याती होती. ते कसब थक्क करणारेच आहे. व्हर्मीर मात्र त्या वाटेला गेला नाही. त्याने तांबूस-तपकिरी रंगाचे अंग आधी घातले आणि मग त्यावर दरजांच्या बारीक, तुटक रेषा सोडल्या. काही रेषा मध्येच विरतात, काही ठिकाणी रंग दाट होतो. विटा मोजायला जाल तर हिशेब लागणार नाही; तरीही भिंतीचा खडबडीतपणा, तिने खाल्लेले ऊनपाऊस, तिचे वय, सगळे तळहाताला जाणवावे इतके खरे उतरले आहे. या भिंतीला भेगा गेल्या आहेत. खिडक्यांच्या वर त्या स्पष्ट दिसतात, आणि त्या कोणीतरी चुन्याने बुजवल्या आहेत. बुजवलेली जागा वेगळ्या रंगाची राहिली आहे, जशी ती खऱ्या घरात राहते. खालच्या बाजूला, माणसाच्या उंचीपर्यंत, भिंतीला पांढरा हात दिलेला आहे. त्याची वरची कड सरळ नाही, आणि जिथे माणसांचा वावर आहे तिथे तो मळला आहे.

ही डागडुजी मला या चित्राचा गाभा वाटते. व्हर्मीरला घर देखणे करायचे असते तर एका दुपारात भेगा नाहीशा करता आल्या असत्या. पडके, उदास घर दाखवायचे असते तर तेही सोपे होते. ओसाड वास्तूंची हौस युरोपातल्या चित्रकारांना पुष्कळ होती. त्याने मधली अवस्था निवडली: जुने झालेले, तडकलेले, आणि वेळच्या वेळी सांभाळलेले घर. कुणीतरी गवंडी बोलावला होता, कुणीतरी चुना कालवला होता, कुणीतरी घरापुढची फरशी धुतली होती. ती माणसे चित्रात नाहीत, त्यांचे काम तेवढे आहे.

डेल्फ्टमध्ये जुन्या घराला वेगळा अर्थ होता, हे इथे सांगितले पाहिजे. 1536 साली लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला होता. नंतरचे शहर त्या राखेवर पुन्हा उभे राहिले. आणि हे चित्र रंगवले जाण्याच्या चारच वर्षे आधी, 12 ऑक्टोबर 1654 रोजी, शहरातल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन एक अख्खा भाग सपाट झाला होता. शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत कारेल फॅब्रिटियस हा डेल्फ्टमधला अत्यंत गुणी चित्रकारही होता. तेव्हा त्याचे वय 32. चित्रातल्या भेगा त्या स्फोटाच्याच आहेत असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही आणि चित्राला त्याची गरजही नाही. एवढे मात्र खरे की ज्या शहरात घरे क्षणात नाहीशी होतात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्या शहरातल्या एका तरुणाने अजून उभे असलेले एक घर इतक्या मायेने रंगवले.

आता माणसांकडे वळू. दारात एक स्त्री बसली आहे, मान खाली, हातात शिवणाचे किंवा तसलेच बारीक काम. तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीने दाराच्या काळोखात उजेड आणला आहे. दाराबाहेर, बाकाच्या आडोशाला, दोन मुले आपल्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली आहेत; कसला खेळ चालला आहे ते त्यांच्या पाठींनी झाकले आहे. मला हे फार आवडते. मुले खेळात खरोखर रमली की मोठ्यांना त्यांच्या पाठीच दिसतात. चौथी स्त्री डावीकडच्या बोळात, आतल्या अंगणाजवळ, पिंपाशी वाकली आहे. तिच्या पायाशी पाणी जाण्याची मोरी आहे, आणि ती मोरी बोळातून बाहेर येऊन फरसबंदीवरून थेट आपल्या दिशेने येते.

चौघांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. कोणी कोणाकडे पाहत नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. तरीही ती सुटी वाटत नाहीत. दारातल्या स्त्रीचे मुलांकडे लक्ष आहे हे तिने मान वर न करताही आपल्याला कळते, कारण ती नेमकी तिथे, उंबऱ्यावर, येऊन बसली आहे. आत बसून शिवता आले असते. पण बाहेर उजेड अधिक आणि मुले नजरेच्या टप्प्यात. घर आणि रस्ता यांच्या मधल्या त्या हातभर जागेत बसून तिने दोन्ही सांभाळले आहे. वस्तीची गल्ली आणि नुसता जाण्यायेण्याचा रस्ता यांत फरक कुठे पडतो, तो इथे दिसतो.

या चित्राच्या तांत्रिक तपासणीत एक गोष्ट उघड झाली आहे. बोळाच्या तोंडाशी व्हर्मीरने आधी आणखी एक बसलेली आकृती घातली होती आणि नंतर तिच्यावर रंग चढवून ती काढून टाकली. का काढली असावी? ती आकृती तिथे असती तर बोळ बंद झाला असता. आपली नजर तिथेच अडली असती, आणि आतल्या पिंपाशी वाकलेल्या बाईपर्यंत पोचली नसती. आज त्या एकाच फटीतून आपण घराच्या पाठीमागच्या जगात जाऊ शकतो. समोरची सगळी भिंत आपल्याला अडवते आणि हा अरुंद बोळ आत घेतो. शेजारच्या दुसऱ्या बोळाचे दार बंद आहे. एक उघडे, एक मिटलेले. खिडक्यांच्या झडपांचेही तसेच, काही उघड्या, काही लावलेल्या. उजव्या कडेला भिंतीवर पसरलेली ती तांबडी झडप चित्रातला सर्वांत ठळक रंग आहे. ती झाकून पाहिली तर उजवी बाजू एकदम हलकी होऊन चित्र डावीकडे कलते.

पीटर दे होख हा त्याच काळी डेल्फ्टमध्ये काम करीत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे 1658 चे अंगणाचे चित्र आहे. तिथेही वीट आहे, बोळ आहे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि मूल आहे. पण दे होख आपल्याला यजमानासारखा आत नेतो: अंगणात उभे करतो, बाईने मुलीचा हात कसा धरला आहे ते दाखवतो, कमानीतून पलीकडचा रस्ताही दाखवतो. ते चित्र अतिशय लोभस आहे. व्हर्मीर आपल्याला रस्त्यापलीकडेच उभे ठेवतो. त्याच्या या अंतर राखण्यात मला अधिक आदर दिसतो. या बायका आपल्यासाठी काही करीत नाहीत. त्यांना आपण पाहतो आहोत हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी त्यांनी हातातले काम सोडले नसते.

डावीकडच्या वेलीची पाने आज निळसर दिसतात. पाहणाऱ्याला ती कविकल्पना वाटेल, पण कारण साधे आहे: हिरवा रंग करण्यासाठी निळ्यात मिसळलेला पिवळा काळाच्या ओघात उडाला आणि निळा उरला. व्हर्मीरच्या डोळ्यांसमोरची वेल हिरवीगार होती.

चित्र रंगवून झाल्यावर त्याचे काय झाले? व्हर्मीर 1675 मध्ये कर्जात बुडालेला वारला. त्याची बरीच चित्रे एका स्थानिक श्रीमंत कुटुंबाकडे होती. ती वारशाने याकोब डिसियस या डेल्फ्टमधल्या छपाईवाल्याकडे आली आणि 16 मे 1696 रोजी ॲमस्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला. एकूण 21 चित्रे. डेल्फ्टमधल्या एका घराचे दृश्य, अशा अर्थाच्या नोंदीखाली त्यात आपले चित्र होते, आणि त्याला 72 गिल्डर 10 स्टायव्हर मिळाले. त्याचेच डेल्फ्ट शहराचे मोठे दृश्य 200 गिल्डरना गेले, दूध ओतणारी बाई 175 ला. लिलावाच्या यादीत गल्लीचा उल्लेख नाही, घराचा आहे. त्या काळच्या माणसाने पाहिले ते एक घर. पुढे ते सिक्स या प्रसिद्ध घराण्याच्या संग्रहात राहिले आणि 1921 मध्ये तेलउद्योगातले हेन्री डेटरडिंग यांनी ते विकत घेऊन रायक्सम्युझियमला भेट दिले.

पण हे घर नेमके कोणते? याचा शोध विसाव्या शतकभर चालू होता. बराच काळ मानले जाई की व्हर्मीरच्या वडिलांच्या 'मेखेलेन' या खानावळीच्या मागच्या बाजूला, व्होल्डर्सग्राख्त या गल्लीत, एक वृद्धाश्रम होता, त्याचे हे दृश्य असावे. मग 2015 साली ॲमस्टरडॅम विद्यापीठाचे कलेतिहासाचे प्राध्यापक फ्रान्स ग्रायझेनहाउट यांनी नवे उत्तर दिले, आणि ते त्यांनी एका करवसुलीच्या वहीत शोधले.

डेल्फ्टमध्ये रस्त्यांतून कालवे वाहतात. कालव्यातला गाळ काढण्याचा आणि काठ बांधून ठेवण्याचा खर्च काठावरच्या घरमालकांकडून घेतला जाई. ज्याच्या घराची रुंदी जास्त, त्याचा वाटा जास्त. त्यासाठी 1667 मध्ये एक नोंदवही तयार झाली. तीत काठावरच्या प्रत्येक घराची आणि घरांमधल्या प्रत्येक बोळाची रुंदी सुमारे 15 सेंटिमीटरच्या अचूकतेने टिपली होती. चित्रात काय आहे? दोन घरे आणि मध्ये एकमेकांना चिकटून दोन बोळ. ग्रायझेनहाउट यांनी अशी जोडी शोधली: सुमारे 6.3 मीटर रुंदीची दोन घरे, आणि मधोमध सुमारे 1.2 मीटरचे दोन बोळ. त्यांच्या मते हे गणित एकाच ठिकाणी जुळते, फ्लामिंगस्ट्राट या कालव्याकाठच्या रस्त्यावर, आजच्या 40 आणि 42 क्रमांकाच्या जागी.

आणि उजवीकडचे घर कोणाचे निघाले? आरियान्टखेन क्लास व्हान डर मिने या बाईंचे. व्हर्मीरच्या वडिलांची ती सावत्र बहीण, म्हणजे त्याची आत्या. नवरा वारलेला, पाच मुले पदरात, आणि उदरनिर्वाहाचा धंदा वजडी विकण्याचा. घराशेजारचा बोळ त्या वजडीच्याच नावाने, 'पेन्सपोर्ट' म्हणून, ओळखला जाई. व्हर्मीरची आई आणि बहीणही त्याच कालव्यावर, समोरच्या काठाला थोडे तिरपे, राहत होत्या. म्हणजे हे घर त्याने लहानपणापासून पाहिलेले असणार.

सगळ्या अभ्यासकांना हे पटलेले नाही. व्होल्डर्सग्राख्तच्या बाजूचेही लोक आहेत, आणि व्हर्मीर जे समोर दिसे ते जसेच्या तसे उतरवीत असे हे गृहीतही कच्चे आहे. याच चित्रात त्याने एक अख्खे माणूस पुसले, हे आपण पाहिले. तरी मला ग्रायझेनहाउट यांचा पुरावा वजनदार वाटतो. आणि तो मान्य केला की चित्र वाचण्याची रीत बदलते. वजडी धुवायची म्हणजे पाणी लागते, पुष्कळ पाणी, आणि घाण पाणी जायला वाट लागते. बोळातले पिंप, मोरी, वाकलेली बाई हे सगळे घरकाम असेल तसे धंद्याचे कामही असेल. ती मोरी रस्ता ओलांडून जिथे जाते तो कालवा चित्रात नाही, पण तो आपल्या पायाशी असायला हवा. चित्रकाराची जागा कालव्याच्या अलीकडच्या काठाला, आईच्या घराच्या बाजूला धरली तर दृश्य जुळते. विधवा बाईने पाच मुलांसह चालवलेले घर, चुन्याने बुजवलेल्या भेगा, धुतलेली फरशी: आधी जी सामान्य टापटीप वाटली होती, तिला आता एका माणसाच्या कष्टांचे नाव मिळते. वास येणाऱ्या धंद्याच्या त्या बोळाला व्हर्मीरने कुठेही सुगंधी केलेले नाही आणि हिणवलेलेही नाही.

त्या वेळचे डेल्फ्ट काही मागासलेले खेडे नव्हते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक तिथे होती. आपल्या वेंगुर्ल्याला डचांची वखार होती ती याच कंपनीची आणि याच दशकांतली. चिनी मातीची भांडी जहाजांतून येत होती, आणि त्यांच्या नकलेतून डेल्फ्टची निळी-पांढरी भांडी नावारूपाला आली. इतके सारे जग दारात येऊन उभे असताना व्हर्मीरने बाहेर पाहिले तेव्हा त्याला आत्याचा बोळ दिसला. या निवडीचे मला कौतुक आहे. 1660 च्या अखेरीस तो सासूबाई मारिया थिन्स यांच्या घरी राहत होता, हे कागदोपत्री आहे. तिथे पैसा होता, खानदान होते. पुढची त्याची बहुतेक कीर्तिवंत चित्रे घराच्या आतली आहेत: खिडकीतून येणारा उजेड, पत्र वाचणारी, मोती घातलेली, गिटार छेडणारी स्त्री. रस्त्यावर तो फार थोडा आला. त्याची आज ज्ञात असलेली चित्रे जेमतेम 35-37 आहेत, त्यांत शहरदृश्ये दोनच. एक हे, दुसरे हेगच्या मॉरित्सहाउसमधले डेल्फ्ट शहराचे.

फ्लामिंगस्ट्राटवर त्या जागी आज उभी असलेली घरे नंतरची, एकोणिसाव्या शतकातली आहेत. उजवीकडच्या बोळाचा दरवाजा तेवढा अजून तिथे आहे. तो रस्ता आजही राहत्या घरांचाच आहे, मध्ये कालवा, काठाला सायकली.

1696 च्या त्या लिलावात आणखी एक नोंद होती: काही घरांचे दृश्य, किंमत 48 गिल्डर. ते चित्र तेव्हापासून बेपत्ता आहे. कधी एखाद्या माळ्यावर ते सापडले, तर माझी पहिली इच्छा अशी की त्यातल्या घरांच्या आणि बोळांच्या रुंदीची प्रमाणे काढावीत आणि 1667 ची वही उघडावी. कालव्याकाठची घरे असतील तर ती वहीत आहेत, मालकांच्या नावांसकट. मग कळेल, दुसऱ्यांदा रस्त्यावर आला तेव्हा तो कोणाच्या दारासमोर उभा होता.